पडदा

आईच्या डोळ्यातला पडदा मी पहिल्यांदा पाहिला तो दवाखान्यातल्या संगणकावर. नारिंगी रंगाचं वर्तुळ, नुकत्याच उगवलेल्या पौर्णिमेच्या चंद्रासारखं. एका कडेला पिवळसर चकती आणि तिच्यातून फुटलेल्या तांबड्या रक्तवाहिन्या, पिंपळाच्या जाळीदार पानाच्या शिरांसारख्या. त्यांच्या आजूबाजूला खसखशीएवढे लाल ठिपके. डॉक्टर एकेका ठिपक्यावर बोट ठेवत होते आणि आई सांगत होती, "अहो, आज सकाळीच मी सुईत दोरा ओवलाय!"

खोटं नव्हतंच ते. पडद्याचा स्वभावच तसा. अंगाने जेमतेम पाव मिलिमीटर, पण राबणारा. वजनाच्या मानाने इतका प्राणवायू लागणारे अवयव शरीरात फार थोडे, आणि अंधारात तर त्याची भूक आणखी वाढते. दुखणं मात्र त्याला सांगताच येत नाही. पाय मुरगळला की कळवळतो, दात किडला की रात्रभर जागवतो. पडद्याला जखम झाली तरी तो मुकाट्याने दिसणं पुरवत राहतो.

मधुमेहात साखर वाढलेलं रक्त वर्षानुवर्षं वाहिलं की पडद्याच्या केसाहून बारीक वाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात. आधार सुटलेली भिंत फुगते. आईचे बरेचसे ठिपके म्हणजे हेच फुगवटे. पुढे या वाहिन्या पाझरू लागतात. पाझर मधोमध, बारीक अक्षर वाचणाऱ्या जागी आला की सरळ रेषा वाकड्या दिसतात. काही भागाला रक्त पोचेनासं झालं की उपाशी पडदा नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतातही, पण कच्च्या. फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, आणि पडद्याची पहिली तक्रार कधीकधी हीच असते.

अशा पडद्याची माणसं किती? आपल्याकडे मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १०० मागे सुमारे १२ जणांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या, आणि ४ जणांची नजरच धोक्यात होती. त्यातल्या कितीजणांना आईसारखंच सगळं स्वच्छ दिसत असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

पडदा सर्वांत जास्त थकतो तो वर्षांनी. मधुमेह जितका जुना, तितका धोका मोठा. त्यात साखर चढती असेल, मूत्रपिंड अधू असेल, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर भर पडते. मधुमेही बाईला दिवस गेले की पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो, म्हणून तेव्हा तपासणी अधिक वेळा लागते. आणि रक्तदाब! ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाब काटेकोर सांभाळलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. आई चतुर्थीला, एकादशीला बीपीची गोळी चुकवायची. उपाशीपोटी कशाला, म्हणायची. आम्हीही ऐकून घ्यायचो.

याहून मोठी चूक आमची. तिला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात चष्म्याचा नंबर चारदा काढला. बाहुली मोठी करून पडदा एकदाही पाहिला नाही. प्रौढ वयात उमगणाऱ्या मधुमेहात पडदा निदान होताच बघायचा असतो, कारण साखर कळते त्याच्या कितीतरी आधीपासून ती पडद्याला छळत असू शकते.

आईचं अजून लेसरवर, डोळ्यातल्या सुईवर गेलेलं नाही. साखर आणि बीपी सांभाळा, सहा महिन्यांनी परत या, एवढंच सांगितलंय. घरी येताना रिक्षात तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता. बाहुली मोठी करायला घातलेल्या थेंबांमुळे ऊन सोसवत नव्हतं. आल्या आल्या कालनिर्णयाचं पान उलटून पुढची तारीख तिने स्वतःच लिहिली. जवळचं दिसत नसल्यामुळे अक्षरं चौकट ओलांडून शेजारच्या एकादशीवर गेली आहेत.