सेव्ह केलं का?

वडील जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर एकोणतीस वर्षं मुनीम होते. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारले जातात. कितीला घेतली, आणि मोड किती? चार वर्षांपूर्वी इंग्लंडहून माझ्या नावाचं एक खोकं टपालानं आलं. आतली काळी कॅसेट वडिलांनी तळहातावर घेतली, अंगठीचं वजन अजमावावं तशी जरा वरखाली केली आणि दुसराच प्रश्न आधी विचारला.

"मोड किती येईल याची?"

सेगा मेगा ड्राइव्ह या व्हिडिओ गेमच्या यंत्राची ती कॅसेट होती, फँटसी स्टार फोर. साडेएकवीस हजारांना घेतलेली, वर कस्टम ड्यूटी वेगळी. विकली तर पैसे परत येतील, कदाचित चार जास्तच येतील, असं मी म्हणालो. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. सोनं मोडीत घालताना घडणावळ जाते, वजन तेवढं उरतं, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. इथे वजन काही नव्हतंच. प्लॅस्टिक, एक हिरवी पाटी आणि तीवर चार चिप्स. सगळी किंमत घडणावळीची आणि ती घडणावळ तिऱ्हाइकाला दिसत नाही.

ती कुणी घडवली, हे मला ठाऊक होतं. रिएको कोडामा या बाई १९८४ साली सेगा कंपनीत चित्रकार म्हणून लागल्या, १९८७च्या पहिल्या फँटसी स्टारची पात्रं त्यांनी रंगवली आणि १९९३ साली जपानात आलेल्या चौथ्या भागाचं दिग्दर्शन केलं. २०२२ साली त्या गेल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मी जेवलो नव्हतो आणि का जेवलो नाही हे घरात कुणाला सांगताही येत नव्हतं.

आमच्याकडे कार्ट्रिज हा शब्द कुणी वापरला नाही. कॅसेटच म्हणायचे. नव्वदच्या दशकात जळगावात ज्याच्या घरी व्हिडिओ गेम असे, त्याच्याकडे बहुतेक सामुराई नावाचं यंत्र असे, नाहीतर तसलंच निनावी यंत्र, आणि त्यात शंभर खेळांची एक कॅसेट. मारिओ, काँट्रा, रणगाडे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण तासाला पाच रुपये घेऊन खेळू द्यायचा. हे खेळ तासात बसणारे होते. लाइट गेली की संपले, आली की पहिल्यापासून सुरू. त्या कॅसेटींमध्ये लक्षात ठेवायची सोयच नव्हती.

तिकडे जपानात मात्र १९८६ साली युजी होरी यांनी ड्रॅगन क्वेस्ट आणला होता. पुढच्याच वर्षी फायनल फँटसी आला, फँटसी स्टार आला. या आरपीजींमध्ये, म्हणजे भूमिका वठवायच्या खेळांमध्ये, तुम्ही एक माणूस बनता, गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, सोबती जोडता, अनुभवानं बळकट होता. कित्येक तासांचा प्रवास. कुठं थांबलो हे यंत्राला आठवावं लागतं, म्हणून अशा बहुतेक कॅसेटींच्या आत नाण्याएवढा लिथियमचा सेल असतो. टीव्ही बंद असला, यंत्र बंद असलं तरी तो सेल एका चिपला जागं ठेवतो आणि ती चिप तुमचा मुक्काम धरून बसते. एवढा खेळ मावणारी मोठी चिप, हा सेल, शिवाय पानंच्या पानं संवाद आणि त्यांचं भाषांतर. खेळ महाग पडायचा. फँटसी स्टार फोर अमेरिकेत शंभर डॉलरच्या घरात विकला गेला. अशी कॅसेट खानदेशात कोण आणणार? १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीनं मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तेव्हा नुसत्या यंत्राचीच किंमत १८ हजार रुपये होती.

आमच्याकडे ती आली मस्कतहून. धुळ्याचे माझे मामा तिथे नोकरीला होते. १९९६च्या मे महिन्यात ते सुट्टीवर आले, ते मामेभावासाठी, म्हणजे दादासाठी, मेगा ड्राइव्ह आणि तीन कॅसेटी घेऊन. मी एरंडोल, पारोळा करत एसटीनं आजोळी पोचलो, तेव्हा दादानं खिडक्यांना ओली पोती लावून खोली अंधारी केली होती. कूलरमधल्या वाळ्याचा वास, बाहेर पंचेचाळीस अंशाचं ऊन आणि पडद्यावर मोटाव्हिया नावाचा ग्रह. एके काळी यंत्रांच्या बळावर हिरवा झालेला आणि आता पुन्हा वाळवंट होत चाललेला. पाणी आटलेल्या पांझरेच्या काठावर राहणाऱ्या आम्हाला ते समजून घ्यायला शब्दकोश लागला नाही. बाकी सगळ्याला लागला. दादा दहावीत, मी सातवीत. एक जण वाचायचा, दुसरा शब्द शोधायचा. इन्हेरिट म्हणजे वारशानं मिळणं, हे मी शाळेत शिकलेलो नाही.

दर अर्ध्या तासानं दादा विचारायचा, "सेव्ह केलं का?" लाइटचा भरवसा नसे. पहिल्याच आठवड्यात एका भुयारात तीन तास गेले आणि लाइट गेली. त्यानंतर हा प्रश्न आमच्या तोंडी इतका बसला, की मामी भाजी करपली तरी म्हणायच्या, सेव्ह केलं नव्हतं.

या गोष्टीत अ‍ॅलिस नावाची एक शिकारी बाई आहे. नायक चॅझ हा पोरसवदा, तिच्या हाताखाली शिकणारा. खेळाच्या सुरुवातीला सगळं तीच पेलते. ती सोबत आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. मग झिओ या खलनायकाच्या किल्ल्यात चॅझवर आलेला वार ती अंगावर घेते. तिला एका गावात खाटेवर निजवतात, आपण तिच्यासाठी धावाधाव करून परत येतो, आणि ती जाते. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. खेळात मेलेली माणसं उठतात, औषध असतं, मंत्र असतो. तिच्यासाठी काहीच नव्हतं. आजी दारात येऊन उभी राहिली. "काय जायं रे पोरहो?" दोघांपैकी कुणालाच बोलता आलं नाही. मला आठवतं तसं, माणूस जातो म्हणजे काय होतं हे मला त्या दुपारी कळलं. त्याच पावसाळ्यात आजोबा गेले, तेव्हा मी तयार होतो असं म्हणणार नाही, पण अनोळखी नव्हतो.

ती कॅसेट पुढं हातातून गेली. दादानं ती एका दुकानात अदलाबदलीला दिली आणि शंभर खेळांची कॅसेट आणली. पंधरा वर्षांच्या मुलाला शंभर हा आकडा मोठा वाटणारच. त्यावर तो अजून बोलत नाही.

नोकरी लागल्यावर मी जमवायला लागलो. आज माझ्याकडे चौतीस कॅसेटी आहेत. शायनिंग फोर्स टू, लँडस्टॉकर, फँटसी स्टारचे तिन्ही मेगा ड्राइव्हवरचे भाग. आरपीजीच का महागले, याचं कारण मला हळूहळू उलगडलं. त्यातले बरेच यंत्राच्या उतारवयात आले. फँटसी स्टार फोर युरोपात पोचला १९९५ सरता सरता, जेव्हा नवं प्लेस्टेशन दुकानात लागलेलं होतं. प्रती थोड्या निघाल्या. शिवाय ज्यांनी घेतल्या त्यांनी त्या सहजासहजी सोडल्या नाहीत. पन्नास तास जिथं घालवले ती वस्तू माणूस रद्दीत देत नाही.

पण हल्ली किंमत वेगळ्याच गोष्टीला येते. जुलै २०२१मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात सुपर मारिओ ६४ची न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि त्याच आठवड्यात झेल्डा या खेळाची एक सीलबंद प्रत ८ लाख ७० हजारांना. अशा प्रती जाड पारदर्शक डबीत कायमच्या बंद करतात, वर गुण लिहितात. त्या झेल्डाच्या पोटातही मुक्काम धरून ठेवणारा सेल आहे. तो आत कुणासाठी तरी जागत राहतो आणि एक दिवस संपतो. कुणी आलंच नाही.

या बंद डब्यांवरून मला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आठवतं. १९९६च्या त्याच सुट्टीत मामांनी आम्हाला तिथं नेलं होतं. तेव्हा कंटाळलो होतो. आता जातो तेव्हा रुमालांत बांधलेली ती दप्तरं पाहताना पोटात तुटतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले, पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि या साधनांसाठी लोकांच्या माळ्यांवरचे कागद पायपीट करून मिळवले. कित्येक घरांत दप्तर देवासारखं पुजलेलं असे आणि उघडू मात्र देत नसत. आत वाळवी. राजवाडे चिडत ते यावर. माझ्या छंदाची त्या कामाशी बरोबरी नाही, ती करण्याचा अधिकारही मला नाही. पण कागद ज्यासाठी लिहिला त्यासाठी तो वाचला गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट मला माझ्या चौतीस कॅसेटींपुढे बसल्यावर आठवतो. मी एकही डबीत बंद केलेली नाही.

इंग्लंडहून आलेली कॅसेट मी पहिल्यांदा लावली, तेव्हा तिच्यात कुणाचा तरी मुक्काम शिल्लक होता. मी तो उघडला. झिओचा किल्ला अजून पुढे होता. अ‍ॅलिस सोबत चालत होती. त्या मुलानं किंवा मुलीनं तिला गावातलं सगळ्यात चांगलं चिलखत घेऊन दिलं होतं आणि मेसेटा, म्हणजे तिथले पैसे, जवळजवळ संपवले होते. मग खेळ थांबला होता तो थांबलाच. कंटाळा आला असेल, नवीन यंत्र आलं असेल, परीक्षा असेल. की पुढे काय होतं हे कुणी आधीच सांगितलं असेल आणि पाऊल उचललं नसेल? सव्वीस-सत्तावीस वर्षं ती तशीच चालती राहिली होती, एका सेलवर.

यंदा मार्चमध्ये मी कॅसेट उघडून मीटर लावला. तीन व्होल्टचा सेल अडीचच्याही खाली आला होता. सेल काढला की चिप सगळं विसरते. दादाला फोन केला. तो म्हणाला, खेळ आपला आहे, मुक्काम आपला नाही, जपता येत असेल तर जप.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. वडीलही आले. चालायला तेवढंच, म्हणाले. त्या मुलानं पाटी भिंगाखाली धरली आणि दोन मिनिटं नुसती पाहिली. त्याचा उपाय साधा होता. टेबलावरच्या डीसी सप्लायचे तीन व्होल्ट बारीक चिमट्यांनी पाटीच्या दोन टोकांना द्यायचे, म्हणजे चिपला सेल गेल्याचं कळणारच नाही, आणि तेवढ्यात जुना सोडवून नवा बसवायचा. "लाइट गेली तर?" मी विचारलं. त्यानं काही न बोलता सगळं टेबल आधी इन्व्हर्टरवर घेतलं. मग जुन्या सेलच्या पत्रीवर तापलेलं टोक टेकवलं. करडा डाख चकाकून पातळ झाला, पत्री उचलली गेली. वडील इतके वाकले होते की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. "थंड होईपर्यंत हलवू नकोस," ते हलकेच म्हणाले. "डाख थरथरला की सांधा कच्चा." मुलगा म्हणाला, "हो काका," आणि खरोखरच हात रोखून धरला.

जुना सेल वडिलांनी मागून घेतला, रुमालाच्या टोकात बांधला.

रात्री घरी कॅसेट लावली. काळा पडदा, मग निळा. मुक्काम जागेवर होता. मी उघडला, आणि चॅझच्या मागे अ‍ॅलिस चालू लागली. वडील खुर्ची ओढून बसले. असे ते या यंत्रासमोर कधी बसले नव्हते. ही कोण, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं, किल्ला, वार, खाट, धुळ्याची दुपार, दारात उभी आजी. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"आता कुठे निघालेत हे?"

"किल्ल्याकडे."

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. "मग आज नको नेऊस," म्हणाले आणि उठून झोपायला गेले. खोलीच्या दारातून पुन्हा वळून विचारलं, "सेव्ह केलं का?"