झूल पडण्याआधी

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात लग्नसराईत वरात निघायची असली, की सगळ्यांना घोडी झटपट सजलेली हवी असते. मी खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायची घाई करत नाही. एकदा जरीची झूल पडली, कपाळावर मण्यांची झालर आली, की पाठ आणि चेहरा दोन्ही झाकले जातात. मग तिला कुठे दुखतंय ते कुणालाच दिसत नाही.

खोगीर घेऊन जवळ गेलो, की आधी कान. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, म्हणून टोकांपेक्षा कानांची बुडं कुठे वळली ते बघायचं. मग खांद्यामागच्या उंचवट्यापासून कंबरेपर्यंत तळवा दाबत न्यायचा. कातडी थरथरली, पाठ खाली दबली, तर खोगिराखालची गादी उलटून बघायची. वाळलेल्या घामाची एक खपलीही टोचायला पुरते. काळ्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका असेल, तर तिथे खोगीर पूर्वी कधीतरी रुतलेलं असतं.

तंग ओढताना घोडी चावायला वळते, शेपूट झटकते, छाती फुगवून श्वास कोंडते. लोक म्हणतात, खोडच आहे तिची. मला ते अजिबात पटत नाही. पोटात अल्सर असेल, बरगडीजवळ तंगाने सोललं असेल. तंग आधी सैल बांधावा, चार पावलं चालवावं, मग एकेक भोक पुढे न्यावं.

लगामाचं कडियाळं पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर बसतं. तिथे कातडी पातळ, खाली लगेच हाड. डोकं उंच नेऊन ती दात आवळते तेव्हा आधी तोंडात जखम शोधायची, दाढांच्या कडा धारदार झाल्यात का ते जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. काटेरी कडियाळ्याला १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंदी आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी ते मी तोंडात घालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला मुकाट उभ्या राहणाऱ्या घोडीची वाटते. २०१४ मध्ये मिलानच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरच्या घोड्यांचे चेहरे बघून वेदनेच्या सहा खुणा मांडल्या: मागे ताठरलेले कान, आक्रसलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, फुगलेले जबड्याचे स्नायू, घट्ट ओठ नि हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. अशी घोडी लाथ मारत नाही, म्हणून तिला शहाणी म्हणतात आणि त्याच दुखऱ्या पाठीवर नवरदेव बसवतात. या खुणा दिसल्या, की मी खोगीर उतरवतो आणि मुलाच्या वडिलांना सांगतो, दुसरी घोडी मागवा, नाहीतर गाडी सजवा.