पडक्या गढीचे वाचन

वरूडच्या संत्राबागांपलीकडे उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. याच रांगेत, पश्चिमेकडे चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. त्याच्या उभारणीचे श्रेय अहमदशाह बहमनीला देतात, काळ इ. स. १४२५ च्या सुमाराचा. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचा अर्थ अभ्यासकांनी लावला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने गड घेतला, ही नोंदही पक्की आहे. दगडाला तिथी असते.

सपाटीवरील गावांत मात्र देशमुख-पाटलांच्या गढ्या आहेत : पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, एकच मोठा दरवाजा. राजाचा किल्ला नव्हे, वतनदाराचे तटबंद घर. वेलस्लीच्या जन्मभूमीत, आयर्लंडमध्ये, स्थानिक सरदारांचे असेच मनोरे होते. १४२९ च्या कायद्याने डब्लिन व लगतच्या परगण्यांत वीस फूट लांब, सोळा फूट रुंद, चाळीस फूट उंच मनोरा बांधणाऱ्यास दहा पौंडांचे साहाय्य देऊ केले. असा एक मनोरा यीट्सने १९१७ मध्ये विकत घेतला. ‘द टॉवर’ हा त्याचा संग्रह १९२८ चा. दगडी भग्नावशेषात कवीला पुन्हा राहता येते. मातीच्या गढीला ही सोय नाही. दर पावसाळ्यात ती थोडी खचते आणि उरलेली माती लोक धाब्यावर पसरण्यासाठी, शेतात टाकण्यासाठी नेतात.

गढीच्या या ऱ्हासात समीक्षेला सरंजामी वैभवाचा अस्त दिसतो. हे वाचन खोटे नाही. पण ते माडीवरून केलेले आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गढीने गावाला आसरा दिला, तशीच दरवाजाबाहेर कोणी थांबायचे, हेही तिनेच ठरविले. ज्यांच्या पूर्वजांनी ती माती तुडवली, त्यांच्या वंशजांनी आज तिची पाटी भरून नेणे, हेदेखील एक वाचनच आहे. त्यात हळहळ असेलच असे नाही. हिशेबही असू शकतो.

संहिता जपून ठेवावी आणि मग तिचा अर्थ लावावा, हा समीक्षेचा शिरस्ता. गढीच्या बाबतीत अर्थ लावणाराच संहिता थोडीथोडी घरी नेतो. गढी जतन करावी ही मागणी योग्यच आहे. मात्र जतन कोणाच्या आठवणीचे, हा प्रश्न फलक लावण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.