नंदादीप

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढें शिधावाटपाच्या दुकानांतही अंगठा लावून ओळख पटविण्याची रीत आली. ती ओळख दूरच्या सर्व्हरवर पटते. रिकामा सर्व्हरही बरीच वीज खातो. तेव्हां काम नसतां कांहीं यंत्रें निजवावीं, हें रास्तच. परंतु मजुरी बुडवून आलेली एक बाई ‘सर्व्हर बंद’ एवढेंच ऐकून रिकाम्या पिशवीनें परततांना आम्हीं पाहिली. कारण कांहींही असो, तिचा विश्वास उडाला. आमच्या मातोश्री देवघरांतील नंदादीपाची वात तेलाच्या काटकसरीसाठीं बारीक ठेवीत. पण समई घासावयाची झाल्यास आधीं तिच्याच ज्योतीवरून दुसरा दिवा लावीत. यंत्र निजविणारांनींही प्रथम दुसरें जागें आहे ना, एवढें पाहावें.