सतरावे नाव

शाळेतल्या अर्धवेळ नोकरीत पालकसभेची पत्रे पाठवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. ऍक्सेसमध्ये मुलींची यादी. बटण दाबले की आउटलुकमधून एकेक पत्र सुटणार. सोळा गेली अन् सगळे ठप्प! ‘एरर ९४’.

“तुला नाही जमायचं ते,” हे म्हणाले.

मागचे आवरून रात्री पुन्हा बसले. सतराव्या मुलीपुढे आईच्या ई-मेलचा रकाना रिकामा! अक्षरांच्या जागी ‘काहीच नाही’ आले, की तो प्रोग्रॅम अडतो. रकाना रिकामा असेल तर नाव बाजूला काढायचे, अशी ओळ घातली. बाकीची पत्रे सुरळीत गेली.

बाजूला निघाले ते एकच नाव. गेल्या वर्षी हाताने पत्रे पाठवताना मी त्या आईला सरळ वगळले होते! मनातून ओशाळले. सकाळी मुलीच्या हाती चिठ्ठी दिली. सभेला तिची आई सगळ्यांच्या आधी हजर!