दोन वर्षांची अट

सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर झाले, लग्न होऊन न्यू जर्सीला आले. ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा गणित शिकवायचं मनाशी पक्कं केलं होतं. पण शिक्षक-प्रशिक्षणाची फी भरायची कुठून? घरात पगार एकच. त्या वेळी नॉइस शिष्यवृत्तीनं हात दिला.

इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची ही योजना २००२ च्या कायद्यानं सुरू झाली. नॅशनल सायन्स फाउंडेशन विद्यापीठांना अनुदान देतं, त्यातून विज्ञान-गणिताच्या पदवीधरांना शिक्षक होण्यासाठी वर्षाला किमान १०,००० डॉलर मिळतात. अशा प्रत्येक वर्षाच्या बदल्यात दोन वर्षं गरजू भागातल्या शाळेत शिकवायचं. नाही शिकवलं तर ती रक्कम कर्ज ठरते. गरजू म्हणजे जिथे गरिबी फार, किंवा गणित न शिकलेल्यांवर गणित शिकवायची वेळ येते, किंवा शिक्षक टिकत नाहीत. मला मिळालेल्या शाळेत तिन्ही होतं. मला ही अट मनापासून पटली. देणाऱ्याला काही परत करायचं नाही, जे द्यायचं ते मुलांना.

तिथेच मला बाई भेटल्या. आयुष्यभर त्याच शाळेत बीजगणित शिकवलेल्या. माझ्या तासाला त्या शेवटच्या बाकावर घड्याळ घेऊन बसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कागद हातात ठेवला. मी प्रश्न विचारल्यावर पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले, याची नोंद. बहुतेक ठिकाणी एक.

"तीन मोज, मग तोंड उघड," त्या म्हणाल्या.

मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं: शिक्षक तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात. आमच्या वर्गातला, घरी स्पॅनिश बोलणारा एक मुलगा कधीच हात वर करत नसे. रेषेचा चढ म्हणजे काय, असं विचारून मी थांबले. तो म्हणाला, "एक पाऊल पुढे गेलो की किती वर जातो, ते." त्याहून चांगली व्याख्या मला आजही येत नाही.

दोन वर्षं संपली. एका कंपनीकडून बरीच मोठ्या पगाराची नोकरी आली होती. मी गेले नाही, ते बाईंमुळे. मुरलेल्या शिक्षकांना टिकवण्यासाठी पुढे नॉइस योजनेत पगारावर पाच वर्षं जादा रक्कमही मिळू लागली. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. ती खरं तर त्यांना मिळायला हवी होती.