म्हातारा कोण?

आमच्या हुडकेश्वरच्या घरातला लॅपटॉप बारा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ याला घेईना. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० नाही! पोरगा म्हणाला, "बाबा, द्या नं आता भंगारात." कीबोर्ड धड, स्क्रीन धड, ४ जीबी रॅम... भंगारात कशाला?

लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला २ जीबी रॅमही चालते. ती पेनड्राइव्हवर उतरवली. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता लिनक्स वापरून बघता येतं. म्हणजे लग्नाआधी पत्रिका नाही, थेट सोबत राहून पाहणं! वायफाय, आवाज, मराठी अक्षरं, सगळं तपासलं. फोटो नि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढली, कारण इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते. मगच होकार दिला.

१९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं स्वतःच्या पीसीसाठी, हौस म्हणून हे सुरू केलं. यंत्र थकलं की कंपनीचा त्यातला रस संपला, यातला फरक त्या हौसेमुळे आज घरबसल्या तपासता येतो. माणसांच्या निवृत्तीचंही असंच असावं, नाही का?